दणकट कॅमेरा कीं आरशाचा कॅमेरा?

आषाढाचा पहिला जोराचा पाऊस येऊन गेला, सिंहगडाच्या माथ्यावर ढग उतरूं लागले, कीं पुण्यांतील पुष्कळ घरांत एका जुन्या वादास नव्यानें तोंड फुटतें. घरांतील तरुण मंडळी राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची वाट धरतात. मागाहून त्यांनीं आणलेलीं छायाचित्रें पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांस वाटतें कीं, एवढें रान, एवढे धबधबे, आणि चित्रें मात्र धुरकट! मग एखादा चांगला कॅमेरा घ्यावा असें ठरतें. येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. कोणता घ्यावा, या प्रश्नापाशीं मात्र घराचे दोन तट पडतात.

असें एक घर सदाशिव पेठेंत आहे अशी कल्पना करावी. घरांतील मुलगी कॉलेजांत शिकते आणि दर पावसाळ्यांत चार-सहा किल्ले पालथे घालते. तिला हवा आहे पाण्यांत बुडाला तरी चालेल, खडकावर आपटला तरी मोडणार नाहीं, असा खिशांत मावणारा दणकट कॅमेरा. वडिलांस हवा आहे आरशाचा, भिंगें बदलतां येणारा, ज्याला बाजारांत डी.एस.एल.आर. म्हणतात तो मोठा कॅमेरा. त्यांतला प्रथम पायरीचा कां होईना. कारण येत्या मार्गशीर्षांत आजींचें सहस्रचंद्रदर्शन आहे. "अग, आईचा एकही धड फोटो घरांत नाहीं. तो समारंभ कांहीं पुन्हां व्हायचा नाहीं," असें वडील म्हणतात. "बाबा, तुमचा तो मोठा कॅमेरा वर्षांतून दोनदां कपाटाबाहेर येणार," असें मुलीचें उत्तर. दोघांचेंही म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या आवडीनिवडीवर सोडून देतां येत नाहीं. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते आहेत.

या दोन यंत्रांचीं कुळें निराळीं आहेत. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आदळून वर जातो, तेथील परावर्तकांतून फिरून डोळ्याशीं येतो. म्हणजे पाहणाऱ्यास भिंगासमोर जें आहे नेमकें तेंच दिसतें. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि तोच प्रकाश मागील पट्टीवर पडतो. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा असा आरशाचा कॅमेरा जर्मनींत १९३६ सालीं 'किने एक्झाक्टा' या नांवानें निघाला. फिल्मच्या जागीं विद्युत्पट्टी आली तरी मूळ रचना तीच राहिली. २००३ सालीं कॅननच्या '३०० डी' ने ही रचना प्रथमच हौशी माणसाच्या खर्चांत आणून सोडली. दणकट कॅमेऱ्याचें कूळ पाणबुड्यांचें. समुद्राखालीं वेगळ्या पेटीवांचून वापरतां येईल असा 'कॅलिप्सो' हा कॅमेरा कूस्तो यांच्या प्रेरणेनें बनला, आणि १९६३ पासून निकॉननें तो 'निकोनॉस' या नांवानें काढला. सामान्य प्रवाशाच्या खिशांत ही कल्पना आणली ती ऑलिंपसनें, २००६ सालीं. दीड मीटरवरून पडणें आणि तीन मीटर पाणी सोसणारा त्यांचा छोटा कॅमेरा त्या वर्षीं निघाला.

आतां मुख्य भेद. कॅमेऱ्याच्या पोटांत ज्या पट्टीवर चित्र उमटतें तिला सेन्सर म्हणतात. ऑलिंपसच्या 'टफ टीजी-६' या २०१९ सालच्या दणकट कॅमेऱ्यांत ही पट्टी सुमारे ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद आहे. करंगळीच्या नखाएवढीही नाहीं. कॅननच्या '१५०० डी' या २०१८ सालच्या पहिल्या पायरीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत ती २२.३ मिलिमीटर लांब आणि १४.९ मिलिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर दुसरी पहिलीच्या सुमारे बारा पट भरते. पागोळ्यांखालीं एक वाटी आणि एक परात ठेवावी. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, पण परातींत पाणी अधिक जमतें. प्रकाशाचें अगदीं तसेंच आहे. जितका प्रकाश अधिक जमा होईल तितकें चित्र स्वच्छ. जितका थोडा, तितके अंधाऱ्या भागांत रंगीत ठिपके अधिक. छायाचित्रांतील ज्या खरखरीस लोक 'फोटो फाटला' म्हणतात ती बहुधा याच दारिद्र्याची खूण असते.

पण पाऊस किती जोराचा आहे हेंही पाहिलें पाहिजे. तो जोर ठरतो भिंगाच्या छिद्रावर, आणि छिद्राचें माप 'एफ' या अक्षरापुढील आंकड्यानें सांगतात. आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. येथें दणकट कॅमेरा थोडी भरपाई करतो. त्याचें भिंग रुंद दृश्यासाठीं एफ २ इतकें उघडतें, तर मोठ्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें भिंग एफ ३.५ पर्यंतच. म्हणजे लहान पट्टीवर पाऊस तिप्पट जोरानें पडतो, आणि बारा पटींची तफावत चार पटींवर येते. दूरचें जवळ आणूं गेल्यास मात्र दोन्हीं भिंगें आकुंचित होतात, एक एफ ४.९ वर आणि दुसरें एफ ५.६ वर, तेव्हां मोठ्या कॅमेऱ्याची आघाडी पुन्हां नऊ पटींवर जाते. दुकानदार या गणितांत शिरत नाहीं. तो सांगतो मेगापिक्सेल. एकाचे बारा आणि दुसऱ्याचे चोवीस ऐकून ग्राहक दुप्पट गुणाची कल्पना करूं लागतो. तें खरें नव्हे. घरच्या भिंतीवर लावावयाच्या चित्रास बारा पुष्कळ झाले; उणीव असते ती प्रकाशाची.

भर दुपारीं तोरण्याच्या माचीवर ही उणीव कोणास जाणवणार नाहीं. तेथें प्रकाश इतका असतो कीं वाटीही भरून वाहते. पावसाळी ढगांतही दिवसा लहान कॅमेऱ्याचें काम पुष्कळ चांगलें होतें. संध्याकाळ झाली कीं भेद उघडा पडतो. अनंत चतुर्दशीच्या रात्रीं लक्ष्मी रस्त्यावर उभें राहावें: रथाची रोषणाई झगझगीत, लोकांचे चेहरे अंधारांत, आणि सगळें हलतें आहे. ढोल वाजविणाऱ्याचा हात गोठवून धरावयाचा तर पडदा सेकंदाच्या दोनशेंव्या-अडीचशेंव्या भागांत मिटला पाहिजे. एवढ्या अल्प वेळांत वाटींत जमतें तें चार थेंब. समारंभाच्या सभागृहांतही तीच गत. नळीच्या दिव्यांचा प्रकाश डोळ्यांना भरपूर वाटतो, परंतु उन्हाच्या मानानें तो शेंकडों पटींनीं कमी असतो, हें कॅमेरा विसरत नाहीं.

आणि येथेंच आरशाच्या कॅमेऱ्याचा खरा गुण समोर येतो. तो गुण आरशांत नाहीं. भिंग बदलतां येतें यांत आहे. बरोबर मिळालेलें भिंग घेऊन जन्म काढणारा माणूस त्या यंत्राचें अर्धेंच मोल वसूल करतो. ५० मिलिमीटरचें, एफ १.८ इतकें उघडणारें साधें भिंग कॅमेऱ्याच्या किंमतीच्या मानानें स्वस्त मिळतें. नेहमीचें भिंग त्याच अंतरावर एफ ५.६ वर अडून बसतें; हें त्याच्या सुमारें साडेनऊ पट प्रकाश आंत घेतें. यानें काढलेल्या चित्रांत आजींचा चेहरा रेखीव येईल आणि मागच्या रांगेंतील खुर्च्या विरघळून जातील. याच कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरचें लांब भिंग चढविलें तर भिगवणचे रोहित पक्षी आवाक्यांत येतात. पुण्यापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यांत हे पक्षी पाहावयास पुण्याचीं कुटुंबें हौसेनें जातात, आणि लहान कॅमेरा घेऊन गेलेल्यांच्या पदरीं पाण्यावरचे कांहीं गुलाबी ठिपके पडतात. लहान कॅमेऱ्याची दूरदृष्टि चार पटींच्या पुढें जात नाहीं.

मात्र लहान पट्टीचा दोष एके ठिकाणीं गुण होऊन बसतो. पट्टी लहान असली कीं जवळचें आणि दूरचें एकाच वेळीं रेखीव येतें. त्यांतून 'टीजी' मालिकेचे कॅमेरे भिंगापासून अवघ्या एक सेंटिमीटरवरील वस्तूवर नजर स्थिर करूं शकतात. भाद्रपदाच्या सुमारास सातारच्या कास पठारावर गुडघे टेकून बसावें. 'सीतेचीं आसवें' म्हणतात तीं इवलीं जांभळीं फुलें, किंवा पानांवरच्या चिकट थेंबांनीं किडे धरणारें दवबिंदू, यांचें चित्र हा खिशांतला कॅमेरा जसें काढील तसें मोठ्या कॅमेऱ्याचें साधें भिंग काढूं शकणार नाहीं; त्यासाठीं वेगळें, महागडें भिंग घ्यावें लागेल. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास कोणता कॅमेरा घ्यावा, याचें उत्तर येथल्या येथें मिळतें.

आतां पाण्याविषयीं. पुणें शहरांत वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सरासरीनें ७० सेंटिमीटरांच्या आसपास; पण पुणेंकर पावसाळ्यांत जातात तिकडे, ताम्हिणीच्या बाजूस, तो कित्येक पटींनीं अधिक. पहिल्या पायरीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांस पाण्यापासून संरक्षण म्हणून कांहींच दिलेलें नसतें. कळांच्या फटी, भिंगाचा सांधा, पुढेंमागें सरकणारी भिंगाची नळी, सर्व वाटा उघड्या. नळी बाहेर सरकते तेव्हां दमट हवा आंत ओढून घेते. पालख्या पुण्यांत येतात त्या दिवशीं, एकानें डोक्यावर छत्री धरावी आणि दुसऱ्यानें कॅमेऱ्यावर भोंक पाडलेली प्लास्टिकची पिशवी चढवावी, असें करून मोठ्या कॅमेऱ्यानें काम साधतें. भवानी पेठेंतल्या गर्दींत छत्री धरणारा मिळतो. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या चढणीवर दोन्हीं हात खडकाला लागतात. तेथें तो मिळत नाहीं.

दणकट कॅमेऱ्याचें पोट चहूं बाजूंनीं बंद असतें. त्याचें भिंग बाहेर येत नाहीं. एका लोलकाच्या साहाय्यानें प्रकाश काटकोनांत वळवून आंतल्या आंतच सर्व हालचाल होते. 'टीजी-६' करितां पंधरा मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणें, शंभर किलोंचा दाब आणि शून्याखालीं दहा अंश थंडी, एवढें सोसण्याची ग्वाही कारखान्यानें दिली आहे. २०२३ सालच्या 'टीजी-७' मध्येंही तीच. हे आंकडे मोहक आहेत, परंतु ते ठराविक चाचणीचे आहेत, सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे नव्हेत. शिवाय पाणी अडविणारें जें आहे तें म्हणजे झांकणाच्या कडेची एक रबरी पट्टी. तिच्यावर एक केंस किंवा वाळूचा एक कण अडकला कीं पंधरा मीटरांची ग्वाही घरच्या बादलींतही टिकत नाहीं. तारकर्लीच्या समुद्रांतून बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यांत धुवावा, पुसून कोरडा करावा आणि मगच झांकण उघडावें. किनाऱ्यावर वाऱ्यांत, ओल्या हातांनीं उघडूं नये. रबर जुनें होतें तें वर्षा-दोन वर्षांनीं बदलून घ्यावें. पाणी शिरून बिघडलेल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती हमीपत्रांत बसेल अशी आशाही बाळगूं नये. नांव दणकट, पण नाजूकपणा एका दोऱ्याएवढ्या रबरांत सांठविलेला!

मोठ्या कॅमेऱ्यास पाण्याहून मोठा शत्रु घरांतच असतो, आणि त्याविषयीं फार थोडीं घरें सावध असतात. श्रावणांत पुण्याची हवा दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमट राहते. सत्तर टक्क्यांहून अधिक ओल कांहीं दिवस टिकली कीं भिंगाच्या काचांवर बुरशी धरूं लागते. आरंभीं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, पुढें तिच्या आम्लानें काचेवरील लेपच खाल्ला जातो. तो डाग पुसून जात नाहीं. आणि बुरशी धरते ती नेमकी जपून ठेवलेल्या भिंगास: कातडी पिशवींत घालून लांकडी कपाटाच्या खालच्या खणांत ठेवलेल्या. वापरांतल्या भिंगास वारा आणि उजेड मिळतो, तें पुष्कळदां वांचतें. उपाय साधा आहे. तांदुळाचा घट्ट झांकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यांत ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा, कांटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहील असें पाहावें. खडे रंग बदलूं लागले कीं तापवून पुन्हां कोरडे करावे. हा डबा ज्या घरांत व्हावयाचा नाहीं त्या घरानें भिंगांवर पैसे घालूं नयेत.

वजनाचा प्रश्न किरकोळ समजला जातो. तो तसा नाहीं. एक पाव किलोचा, दुसरा भिंगासह पावणेसातशें ग्रॅमचा. कागदावर फरक थोडा. पण एक पट्ट्याला अडकवून चालतां चालतां काढतां येतो. दुसरा पाठपिशवींत, प्लास्टिकमध्यें, त्यावर टॉवेलमध्यें गुंडाळलेला असतो, आणि तो बाहेर काढीपर्यंत ढगांतून क्षणभर दिसलेला सुवेळा माचीचा कडा पुन्हां झांकला जातो. उलट बाजूनें, लहान कॅमेऱ्यास डोळा लावून पाहण्याची खिडकीच नसते. रणरणत्या उन्हांत मागच्या पडद्यावर कांहीं दिसेनासें होतें आणि अंदाजानें कळ दाबावी लागते.

मोबाईल फोनचें काय, हा आक्षेप रास्तच आहे. अनेक फोन आतां पाणी सोसतात, आणि पुष्कळांची पट्टी या दणकट कॅमेऱ्यांच्या पट्टीहून मोठी असते. उन्हांतल्या साध्या दृश्यास फोन लहान कॅमेऱ्यास हार जाणार नाहीं. परंतु भर पावसांत पडद्यावर थेंब पडूं लागले कीं फोन बोट कोणतें आणि थेंब कोणता हें ओळखेनासा होतो, हातमोजा घातला तर बोटही ओळखत नाहीं; आणि दरींत पडला तर फोटोंबरोबर घरीं कळविण्याचें साधनही जातें. डोंगरांत एकट्यादुकट्यानें हिंडणाऱ्या मुलांच्या आई-बापांनीं हा शेवटचा मुद्दा विशेष ध्यानांत घ्यावा.

बाजाराची स्थितिही पालटली आहे. दणकट कॅमेरे काढणारीं नांवें थोडीं उरलीं. आरशाचे कॅमेरेही मागें पडत चालले. निकॉननें आपल्या 'डी ३५००' या लोकप्रिय कॅमेऱ्याचें उत्पादन थांबविलें आहे, आणि नवें संशोधन आरसा नसलेल्या, भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. यामुळें पहिल्या पायरीचा आरशाचा कॅमेरा जुन्या बाजारांत चांगल्या स्थितींत मिळतो, आणि त्यास लागणारीं भिंगें तर विपुल मिळतात. असा कॅमेरा घेतांना भिंग काढून त्यांतून दिव्याकडे पाहावें. बुरशीचे तंतू असतील तर तेथेंच दिसतात. दणकट कॅमेरा मात्र जुना घेऊं नये. त्याच्या रबराचा इतिहास विकणारासही ठाऊक नसतो.

तर मग त्या सदाशिव पेठेंतल्या घरानें काय करावें? समारंभ पुन्हां येणारा नाहीं म्हणून मोठाच कॅमेरा घ्यावा, हें वडिलांचें म्हणणें ऐकावयास बिनतोड वाटतें. पण एका संध्याकाळीं लागणारी वस्तु विकत घ्यावी कीं भाड्यानें आणावी? पुण्यांत मोठे कॅमेरे आणि भिंगें दिवसाच्या भाड्यानें मिळतात. मुलीची चाल मात्र दर पावसाळ्याची आहे, आणि पाण्याकड्यांत न्यावयाचा कॅमेरा कोणी आनंदानें भाड्यानें देत नाहीं. या घरापुरता कौल मुलीच्या बाजूनें द्यावा लागतो. घरांत मुलगी किल्ले चढणारी नसती, आणि मुंजी, बारशीं, गाण्याच्या बैठकी यांचा राबता असता, तर तोच कौल वडिलांच्या बाजूनें, ५० मिलिमीटरच्या भिंगासह, द्यावा लागला असता.

फक्त भाड्याचा कॅमेरा समारंभाच्या सकाळीं आणून भागणार नाहीं. अनोळखी यंत्र ऐन वेळीं दगा देतें. मंत्र चालूं असतां कळा शोधीत बसण्याची पाळी येते. तो दोन दिवस आधीं आणावा. आदल्या संध्याकाळीं सभागृह उघडून घ्यावें, जे दिवे समारंभांत लागणार तेच लावावे, आजींना त्यांच्या खुर्चीवर घटकाभर बसवावें, छिद्र एफ २ च्या आसपास आणि वेळ सेकंदाचा एकशें पंचविसावा भाग ठेवून दहा-वीस चित्रें काढून पाहावीं. नजर डोळ्यांवर स्थिर झाली आहे कीं चष्म्याच्या काडीवर, हें चित्र मोठें करून तपासावें. आजी थकल्या तर खुर्चीवर मुलीस बसवावें. मात्र नंतर आजींच्या चष्म्याच्या कांचेंत दिव्याची चमक येते का, हें एकदां त्यांच्याच चेहऱ्यावर पाहून घ्यावें, आणि येत असल्यास खुर्ची थोडी खिडकीकडे वळवून ठेवावी.